प्रभूला शरण गेलेलं, बदललेलं जीवन: नागपुरातले नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की चर्चच्या गेटजवळ, सदरमधल्या चहाच्या टपरीवर, घरप्रार्थनेनंतर चपला घालता घालता आणि मग रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवले. मी पाळक नाही, मंडळीतला साधा माणूस आहे, तरुणांच्या ग्रुपसोबत वचन वाचत बसतो. वचनांचे आकडे दिले आहेत, ते स्वतः उघडून वाचा, माझ्या शब्दावर थांबू नका.

प्र. प्रभूला शरण जायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटते की कन्व्हेन्शनच्या, म्हणजे मंडळीच्या मोठ्या सभांच्या, शेवटच्या रात्री पास्टर म्हणतात पुढे या, आपण पुढे जातो, गुडघे टेकतो, रडतो, आणि झालं समर्पण. ते रडणं खोटं नसते, देव तिथेही भेटते, मी कोणाच्याच त्या रात्रीला कमी लेखणार नाही. पण शरण जाणे म्हणजे आपल्या आयुष्यात शेवटचा शब्द कोणाचा चालणार हे ठरवणे, आणि सोमवारी सकाळी त्याप्रमाणे वागणे. गेथशेमाने बागेत प्रभूनं काय केलं ते पाहा. आधी मनातलं सरळ मागितलं, हा प्याला टळू दे म्हणून, लपवलं नाही, धार्मिक भाषेत गुंडाळलं नाही. आणि मग म्हणाला, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मत्तय २६ मध्ये लिहिलं आहे की तो तीनदा जाऊन तेच बोलला. खुद्द प्रभू ते तीनदा बोलला, मग आपलं एका रात्रीत कसं होईल? लूक ९:२३ मध्ये वधस्तंभ उचलायला सांगताना "दररोज" असं म्हटलं आहे तेही उगाच नाही. आणि रोमकरांस १२:१ मध्ये पौल म्हणतो आपलं शरीर जिवंत यज्ञ म्हणून द्या, म्हणजे हात, जीभ, मोबाईलवर फिरणारा अंगठा, हे सगळं त्यात आलं.

आता माझं एक ठाम मत सांगतो, कारण खालची बहुतेक उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत. शरणागती खरी आहे का हे कळते तिथे, जिथे आपली सत्ता चालते. साहेबासमोर, डॉक्टरसमोर, ट्रॅफिक पोलिसासमोर कोणीही नम्र असते, त्याला ख्रिस्त लागत नाही. पण बायकोशी, सुनेशी, कामवाल्या ताईंशी, ऑफिसातल्या नव्या पोराशी, ज्याला आपल्याला उलटून बोलता येत नाही त्याच्याशी आपण कसे वागतो? फिलिप्पैकरांस २ वाचा, तिथे येशू देवाच्या स्वरूपाचा होता असं आधी सांगितलं आहे आणि मग तो रिकामा झाला, दास झाला, मरणापर्यंत आज्ञाधारक झाला. तो वर होता म्हणून त्याचं खाली येणं लीनता ठरलं. लीनता ही आधी वरच्या माणसाकडून मागितलेली गोष्ट आहे आणि आपण मात्र तिचा उपदेश नेहमी खालच्यालाच करत आलो.

प्र. मी ख्रिस्ती घरातच जन्मलो, बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, संडे स्कूलमध्ये बक्षिसं मिळाली. मला आणखी काय बदलायचं आहे?

निकदेमही असाच होता, योहान ३ मध्ये. शास्त्र शिकवणारा माणूस, आणि त्यालाच प्रभू म्हणाला नव्यानं जन्म घ्यावा लागते.

आपल्या मराठीतलं याहून मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, इतकं संस्कृत त्यांना येत होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आणि तरी नंतर त्यांनीच स्वतः लिहून ठेवलं की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो पुढे कितीतरी वर्षांनी मिळाला. एवढी शिकलेली, जगभर नाव झालेली बाई हे उघडपणे लिहिते याचं मला फार महत्त्व वाटते. त्यानंतरचं त्यांचं काम बघा, १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या इकडे मध्य प्रांतात आल्या, उपाशी, निराधार मुली आणि विधवा शोधून सोबत घेऊन गेल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्या मुलींना त्यांनी हातानं खाऊ घातलं, शिकवलं. जन्मानं ख्रिस्ती असणे ही मोठी देणगी आहे, प्रार्थना कशी करायची ते आईच्या मांडीवर शिकायला मिळालं, पण ती देणगी उघडायची आपल्यालाच आहे.

प्र. मी बदललो की नाही हे मला कसं कळेल?

जक्कयची गोष्ट लूक १९ मध्ये आहे, लहानपणी झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाचं गाणं सगळ्यांनी म्हटलं असेल, पण गोष्टीचा खरा भाग झाडावरून खाली उतरल्यावर आहे. तो मुख्य जकातदार, पैसेवाला, लोकांकडून जास्तीचं उकळणारा. त्याला कोणी हिशेब मागितला नव्हता, येशूनंही मागितला नव्हता. तो स्वतः उभा राहून म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. त्यावर प्रभू म्हणाला आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. घराला म्हणाला. म्हणजे बदल झाला की तो घराच्या हिशेबात उतरते, खिशात उतरते, ज्यांना आपण नाडलं त्यांच्यापर्यंत पोचते.

नागपुरात ही परीक्षा बहुतेक वेळा प्लॉटवर होते. वडील गेले, जरीपटक्याचं नाहीतर मानेवाड्याचं घर, बहिणीनं लग्नात घेतलं ना तिचा हिस्सा मग आता काहून पाहिजे, असं बोलणारी ख्रिस्ती घरं मी पाहिली आहेत आणि तीच घरं दर शुक्रवारी उपवास करतात. मी एवढंच म्हणेन, बहिणीचा हिस्सा देऊन या आणि मग उपवास करा, मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, तो क्रम प्रभूनंच घालून दिला आहे.

दुसरं, घरच्यांना विचारा. तुमच्या मुलांना विचारा की बाबा घरी आले की घरात काय होते. मुलं शांत होत असतील, टीव्ही बंद करून आतल्या खोलीत जात असतील तर ते उत्तरच आहे. आणि दोन वर्षांनी तीच मुलं दारात येऊन दिवसभराचं सांगायला लागली तर तेही उत्तर आहे, आणि फार सुंदर उत्तर आहे.

प्र. समर्पण केलं, काही महिने छान गेले, मग जुना राग, जुनी भीती परत आली. म्हणजे माझा बदल खोटा होता का?

नाही. पेत्राकडे पाहा आणि नीट शेवटपर्यंत पाहा. कोंबडा आरवायच्या आधी त्यानं तीनदा प्रभूला नाकारलं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि योहान २१ मध्ये प्रभूनं त्याला तीनदा विचारून पुन्हा उभं केलं हेही माहीत आहे. पण त्याच्याही नंतर, पवित्र आत्मा मिळाल्यावर, हजारोंना उपदेश केल्यावर, अंत्युखियात काय झालं ते आपण कमी वाचतो. गलतीकरांस २:११ पासून आहे. तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांसोबत एका पंगतीला जेवत होता, यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली तर घाबरून वेगळा जेवायला लागला. लोक काय म्हणतील, ही तीच जुनी भीती जी त्या अंगणात दासीसमोर होती. पौलानं सगळ्यांसमोर त्याला सुनावलं. आपल्याकडे असं कोणी चारचौघांत बोललं असतं तर दुसऱ्या रविवारी माणूस दुसऱ्या चर्चला दिसला असता. पेत्रानं काय केलं, २ पेत्र ३:१५ उघडा, तिथे तो पौलाला "आपला प्रिय बंधू" म्हणतो. ज्यानं चारचौघांत चूक दाखवली त्याला प्रिय म्हणता येणे, बदललेलं जीवन म्हणतात ते हे.

राग परत आला तर त्याला नाव द्या, ज्याच्यावर निघाला त्याची माफी मागा, परत शरण जा. पूर्वी राग आल्यावर तीन दिवस अबोला असायचा आणि आता तासाभरात तुम्ही जाऊन बोलता, हा बदल लहान नाही, त्याबद्दल देवाचे आभार माना.

प्र. लीन राहायचं म्हणजे मार खात, अपमान गिळत गप्प राहायचं का? मला तर घरी हेच सांगतात, ख्रिस्ती बाई आहे, सहन कर.

हे उत्तर मी सगळ्यात जास्त काळजीनं लिहून राहिलो. नाही. योहान १८:२२-२३ मध्ये मुख्य याजकासमोर एका शिपायानं येशूला चापट मारली, तेव्हा येशूनं विचारलं की मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस. हाच तो येशू ज्यानं दुसरा गाल पुढे करायला सांगितलं. म्हणजे दुसरा गाल याचा अर्थ सूड घेऊ नका असा आहे, अन्यायाला अन्याय म्हणू नका असा नाही. पौलाचंही तसंच, प्रेषित १६ मध्ये फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांनी चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडायला निघाले तर तो म्हणाला नाही, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि त्यांना यावं लागलं.

ताई, नवरा मारत असेल तर ते सहन करणे म्हणजे शरणागती नाही. शरण जायचं ते देवाला, माणसाच्या हाताला नाही. इफिसकरांस ५ मधलं "नवऱ्याच्या अधीन राहा" सगळे ऐकवतात, त्याच्याच वरच्या ओळीत २१ व्या वचनात एकमेकांच्या अधीन राहा असं आहे आणि २५ व्यात नवऱ्याला सांगितलं आहे की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं प्रेम कर, म्हणजे मरण्याची गोष्ट नवऱ्याला सांगितली आहे. आधी सुरक्षित जागी जा, माहेरी, मैत्रिणीकडे, कुठेही. ११२ नंबर पोलिसांसाठी आहे, महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुमच्यासाठीच आहे. क्षमा करणे आणि त्याच घरात परत जाऊन मार खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि जे पाळक किंवा वडीलमंडळी अशा बाईला प्रार्थना करून त्याच रात्री परत पाठवतात त्यांना हात जोडून विनंती आहे, असं करू नका.

प्र. आमच्या पिढ्यानपिढ्यांनी मान खाली घातली, आता ख्रिस्ती होऊनही लीन व्हा, लीन व्हा हेच ऐकायचं का?

नागपुरात हा प्रश्न येणारच आणि यायलाच पाहिजे. याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, माणूस म्हणून ताठ उभं राहायला. आपल्या मंडळ्यांमधलीही कितीतरी घरं अशीच आहेत ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावात विहिरीवर जाऊ दिलं नव्हतं. अशा माणसाला लीनता म्हणून पुन्हा वाका असं सांगणे हे सुवार्तेच्या उलट आहे. याकोब १:९-१० वाचा, दीन स्थितीतल्या बंधूनं आपल्या उच्च स्थितीचा अभिमान बाळगावा आणि श्रीमंतानं आपल्या दीन स्थितीचा, दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. मरीयेच्या गाण्यातही, लूक १:५२ मध्ये, देव सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढते आणि दीनांना उंच करते.

न्यूनगंड म्हणजे लीनता नव्हे. मी कोणीच नाही असं वाटणाऱ्याला आधी हे ऐकायची गरज आहे की तू देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहेस आणि तुझ्यासाठी ख्रिस्त मेला. ते मनात उतरलं की मग तो मोकळेपणानं दुसऱ्याचे पाय धुऊ शकते. योहान १३:३ मध्ये पाय धुण्याच्या आधी लिहिलं आहे की आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार हे येशूला ठाऊक होतं. आपली किंमत त्याला पक्की माहीत होती आणि मगच त्यानं रुमाल कमरेला बांधला.

आणि हे बोलून राहिलोच आहे तर, आपल्यातल्या लग्नाच्या बायोडाटात अजून जात विचारली जाते, तोंडानं नाही तर आडनावावरून काढली जाते. गलतीकरांस ३:२८ दर वर्षी वाचायचं आणि सोयरीक बघताना बाजूला ठेवायचं, हे शरण गेलेल्या माणसाचं लक्षण नाही.

प्र. ऑफिसात लीन राहिलो तर लोक डोक्यावर बसतात, मिहानमधल्या कंपन्यांमध्ये तर अप्रेझलच जाईल. काय करायचं?

काम चोख करा आणि केलेलं काम स्पष्ट सांगा, त्यात गर्व नाही. दुसऱ्याचं श्रेय घेऊ नका, आपल्या टीममधल्या पोरानं केलं असेल तर मीटिंगमध्ये त्याचं नाव घ्या, चूक झाली तर त्याच्यावर ढकलू नका. नाही म्हणायचं असेल तर शांतपणे नाही म्हणा. दानीएल बाबेलच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होता आणि राजाला खरं तेच सांगत होता, तरी नम्र होता.

प्र. मंडळीत सेवा करायची इच्छा आहे, पण पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, निवडणुकीतलं वातावरण बघून मन उडते.

मन उडणं साहजिक आहे, पण लूक २२:२४ वाचून थोडा धीर येते. प्रभुभोजनाच्या मेजावर, भाकर मोडून झाल्यावर लगेच, आपल्यात मोठा कोण यावर शिष्यांचं भांडण लागलं. म्हणजे हा रोग पहिल्या मंडळीपासूनचा आहे. त्यावर प्रभू म्हणाला परराष्ट्रीयांचे राजे सत्ता गाजवतात, तुम्ही तसे नसावे, मी तुमच्यामध्ये सेवा करणारा असा आहे. त्याच रात्री त्यानं पाय धुतले आणि त्यात यहूदाचेही पाय होते, हे लक्षात ठेवा.

आणि आपल्या नागपूरला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या इथे नागपुरात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे चाळीस वर्षं. कोणाला बिशप नको होते, कोणी लहान बाळांना बाप्तिस्मा देत होते, कोणी मोठ्या वयात विश्वास कबूल केल्यावरच. शेवटी दोन्ही पद्धतींना जागा ठेवली. प्रत्येकाला आपलं जुनं नाव सोडावं लागलं, काहीतरी जपलेलं हातातून जाऊ द्यावं लागलं. ज्या शहरात सहा मंडळ्या एक झाल्या तिथे आपण एका मंडळीत खजिनदार कोण यावरून दोन गट करायचे का, हे मला मनापासून विचारावंसं वाटते. निवडणूक लढवा, त्यात पाप नाही, पण हरल्यावर पुढच्या रविवारी खुर्च्या लावायला या. मे महिन्यात ४५ डिग्रीत कोणीतरी कूलरमध्ये पाणी भरते, म्हाताऱ्या लोकांना गेटपासून आत आणते, त्या कामाला मतदान लागत नाही.

प्र. एवढी सेवा करूनही कोणी विचारत नाही, नावही घेत नाही. मन खट्टू होते.

हिस्लॉप कॉलेज आपल्याला सगळ्यांना माहीत, पण ज्याचं नाव आहे तो माणूस किती जणांना माहीत आहे? स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा काढली, उपदेश केला, आणि फार कमी लोक करतात ते केलं, गोंड लोकांजवळ बसून त्यांची गाणी, त्यांच्या कथा, त्यांचे शब्द ऐकून लिहून घेतले. शिकवायला आलेल्या माणसानं ऐकायला बसणे हीसुद्धा खाली उतरण्याचीच एक रीत आहे. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या पाण्यात ते बुडाले. त्यांचे गोंडांविषयीचे कागद १८६६ मध्ये, त्यांच्यामागे, छापले गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं, वीस वर्षांनंतर. त्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. मत्तय ६ मध्ये गुप्तपणे पाहणारा पिता फळ देईल असं म्हटलं आहे, आणि मला वाटते खट्टू झालेल्या मनानं त्या पित्याजवळच जावं, सरळ सांगावं की मला वाईट वाटलं. तो ऐकते.

आणि मंडळीतल्या पुढाऱ्यांनो, लोकांचे आभार माना. त्यांना फळ वर मिळणार आहे म्हणून आपण इथे दोन शब्द बोलायचे नाहीत असं थोडीच आहे.

प्र. सगळं प्रभूच्या हाती सोपवलं म्हणजे प्लॅनिंग करायचं नाही, औषध घ्यायचं नाही, असं का?

असं नाही. लूक स्वतः वैद्य होता, कलस्सैकरांस ४:१४ मध्ये पौल त्याला प्रिय वैद्य म्हणते. शुगरची गोळी बंद करून विश्वास दाखवू नका, कोणी सांगितलं तरी करू नका. मानसिक आजारासाठी डॉक्टरकडे जाणे हेही अविश्वास नाही. नीटची तयारी करा, लोनचा हप्ता वेळेवर भरा, याकोब ४:१५ प्रमाणे "प्रभूची इच्छा असेल तर" असं म्हणत पुढचं ठरवा. आणि नंबर लागला नाही, प्रमोशन झालं नाही, आईचा आजार बरा झाला नाही, तर रडा. शरण गेलेल्या माणसानं रडू नये असं कुठेच लिहिलेलं नाही. पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं, २ करिंथकरांस १२ मध्ये. ते पुरेसं वाटायला पौलालाही वेळ लागला असेल असं मला वाटते.

प्र. मी विश्वासात आलो पण घरचे नाहीत. आई रडते, बायको बोलत नाही. शरणागती घरात कशी जगायची?

नारायण वामन टिळकांचं आयुष्य वाचा, ते नागपुरात राहिलेले, इथूनच राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला, तिथून त्यांचा शोध सुरू झाला. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या परत आल्या तेव्हाही सोवळं-ओवळं पाळत, वेगळा स्वयंपाक करत राहिल्या, आणि ते सगळं हळूहळू आतून गळून पडलं. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा स्वभाव तापट होता हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी विश्वासाच्या बाबतीत त्यांनी बायकोला तिच्या वेळेनं येऊ दिलं.

म्हणून घरात वाद घालू नका. आईच्या देवघराबद्दल वाकडं बोलू नका. गणपतीत घरी पाहुणे आले तर खुर्च्या उचला, पाणी द्या, भांडी घासा, पूजेला बसायचं नसेल तर आईला आधीच प्रेमानं सांगून ठेवा, ऐन वेळी तमाशा नको. आईचे डॉक्टरचे कागद सांभाळा. पूर्वी पगार लपवत होता आणि आता सांगून देता, हे तिला दिसते. १ पेत्र ३:१ मध्ये वचनावाचून, वागण्यानं जिंकण्याची गोष्ट आहे. आणि त्यांचा विश्वास कधीच बदलला नाही तरी त्यांच्यावरचं प्रेम कमी करायचं नाही, ते प्रेम म्हणजे काही आमिष नाही.

प्र. आपण लीन झालो याचाच गर्व येते, त्याचं काय?

येते. लूक १८ मधल्या परुश्याची, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी माणसाची, प्रार्थना आभारानंच सुरू होते, देवा मी तुझे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही. कलस्सैकरांस २ मध्येही लीनतेच्या देखाव्याबद्दल इशारा आहे. साक्ष द्यायला उभे राहिलात तर दहा मिनिटांपैकी नऊ मिनिटं आपण आधी किती दारू प्यायचो हे सांगण्यात घालवू नका, प्रभूनं काय केलं ते सांगा आणि बसा. दुसऱ्याची साक्ष ऐकताना मनात तुलना सुरू झाली की थांबून त्या माणसासाठी प्रार्थना करा. याहून जास्त स्वतःला तपासत बसू नका, त्यातही शेवटी नजर स्वतःवरच राहते.

प्र. माफी मागायची आहे, पण तोंडच उघडत नाही. कशी मागू?

"तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं म्हणू नका, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर जाते. काय केलं ते नाव घेऊन सांगा: त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी तुला बोललो ते चूक होतं, मला माफ कर. पुढे "पण" लावू नका. पैशाचं असेल तर पैसे सोबत घेऊन जा. समोरचा लगेच माफ करेल ही अपेक्षा ठेवू नका, त्याला वेळ द्या. मोठ्यांनी लहानांची माफी मागायला आपल्याकडे लाज वाटते, बापानं मुलाची, सासूनं सुनेची, पाळकानं मंडळीची. मी म्हणतो तिथूनच सुरू करा.

प्र. रोज काय करू, सोपं सांगा.

सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी फिलिप्पैकरांस २ मधल्या ५ ते ११ ओळी वाचा, महिनाभर त्याच वाचा, पाठ होतील. मग दिवसातल्या एका माणसाचं नाव घ्या ज्याच्यावर आज तुमचा हुकूम चालणार आहे आणि विचारा, प्रभू, याच्याशी मी कसं वागू. घरातलं एक काम असं घ्या जे तुम्हाला कोणी सांगत नाही आणि ज्याचं कौतुक होत नाही, संडास धुणे, म्हाताऱ्यांची औषधं लावून ठेवणे, काहीही. कामवाल्या ताईंना नावानं आणि अहो-जाहो करून बोलवा, चहा आपल्याच कपात द्या. रात्री झोपताना दिवस आठवा, जिथे आवाज चढला तिथे उद्या जाऊन बोला.

प्र. हे एकट्यानं जमत नाही. कोणाशी बोलू? पाळकांना सांगायची लाज वाटते.

याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं आहे, पाळकांजवळच करा असं नाही. एक माणूस निवडा, बाईनं बाई, पुरुषानं पुरुष, जो ऐकून गावभर करणार नाही, जो तुमच्या हाताखालचा नाही आणि ज्याला तुम्हाला स्पष्ट बोलायची भीती वाटत नाही. आठवड्यातून एकदा भेटा, अंबाझरीला चालता चालता भेटा, फोनवर भेटा. आधी त्याला विचारा की त्याच्याकडे वेळ आहे का. पहिल्या भेटीत सगळं सांगायची गरज नाही, एक गोष्ट सांगा आणि सोबत प्रार्थना करा. आणि असा माणूस मंडळीत सापडतच नसेल तर पाळकांना एवढंच सांगा की मला असा एक जण पाहिजे, शोधून द्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि बहुतेक पाळकांना अशी विचारणा झाली की आनंदच होते.